भावसिंग नायकाचं लाल पागोटं

पळसतांडा, दिग्रस
९ मार्च १९६१

डोंगरसिंग,

तुह्या बापाचा, भावसिंग नायकाचा, तुले आशीर्वाद. इकडं सारे बरे आहेत. तांबडा बैल लंगडत होता, तो आता चालते.

तुह्यं पत्र आलं तवा मी जिनिंगात कापसाची गाडी खाली करून नुकताच घरी आलतो. तू लिवलं का तुह्या शिनेमाच्या कंपनीत नवं चित्र निघून राह्यलं, त्यात आपल्या गोर बंजारा लोकायचा एक बाप आहे, अन् त्याले आपला खरा पोशाख पाह्यजे. कंपनीतले कपडे खोटे असतात, अंगावर पाहून तुले लाज वाटते. वाचून मले बरं वाटलं. तू दिग्रसले मशीनवर शिवण शिकला तवा मी बोललो होतो का नायकाच्या पोरानं दुसऱ्याचे कपडे शिवत बसू नये. ते बोलणं आता मी मागं घेतो.

तुनं लिवलं, जुनं एखादं पागोटं चालन. काहून चालन बाप्पा? दुसऱ्याच्या डोक्यावर बांधाले जुनं पागोटं आपल्यात कोणी देते काय? लग्नात द्या, मयतीत द्या, घरातलं सगळ्यात चांगलं द्या लागते. म्हणून माह्यं लाल पागोटं पाठवून राह्यलो, नायकपण भेटलं तवाचं. त्याच्या पदराले तुह्या याडीनं काचा अन् कवड्या लावून टाके घातले आहेत. तुह्या मायच्या, भुरीबाईच्या हातचं काम अख्ख्या तांड्यात वेगळं ओळखू येते. बांधतांना तो पदर डाव्या कानावर आला पाह्यजे. त्या नटाले तू सोता बांधून दे, दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नको.

कारभारी देवसिंग म्हणला, नायकाचं पागोटं मुंबईले चाललं तं गूळ वाटा. मंग वाटला. पुढच्या वैशाखात तुह्या बहिणीचं, मानीचं, लग्न कराचं आहे. तवा ते पागोटं माह्या डोक्यावर पाह्यजे. तवरी तुह्या हवाली आहे.

तुहा बा


पळसतांडा
२१ जानेवारी १९६२

डोंगरसिंग,

या पत्रात आशीर्वाद नाही.

तुह्यं चित्र दिग्रसच्या तंबूत आलं. त्याचं नाव मी या कागदावर लिवत नाही, माह्या हाताले ते नाव लिवाचं नाही. सारा तांडा घेऊन गेलतो. गाड्या जुपल्या, बैलायच्या शिंगाले रंग लावला. बायायनं फेटिया-कांचळी घातली, पायात वाळे घातले, जशा काही मानीच्याच लग्नाले चालल्या. तंबूच्या दारात तिकिटवाल्याले म्याच सांगतलं, या चित्रात माहा पोरगा आहे, कपड्यायच्या कामाले. नावाच्या पाट्या आल्या तवा मी शाळेच्या गुरुजीले म्हणलं, डोंगरसिंग दिसला का सांगा. पाट्या सरल्या. तुह्यं नाव कोठीच नव्हतं.

मंग तो बाप आला. डाकू. घाटात बसते, वाटसरू लुटते, तीर्थाले चाललेल्या बायायच्या गळ्यातलं तोडते. अन् बैलायवर गोण्या लादून तांडा संगं. पहिले मी म्हणलं, आपलं पागोटं लाल होतं, याचं काळं दिसते, म्हणजे हे आपलं नाही. तं गुरुजी म्हणले, नायक, हे काळ्या-पांढऱ्याचं चित्र आहे, लाल असन तं काळंच दिसन. मंग तो जवळून दिसला. डाव्या कानावर भुरीबाईचे टाके होते.

आपल्या बापजाद्यायनं मीठ वाहिलं, धान्य वाहिलं. दुष्काळात फौजायले दाणा पोचवला. लोकायच्या भरल्या गोण्या शेकडो कोस नेल्या अन् शिवणीले बोट नाही लावलं. हे तुले मी मांडीवर घेऊन सांगतलं होतं. अन् तू त्याच पागोट्याखाली चोर उभा केला?

त्या डाकूचा पोरगा मोठा होऊन फौजदार होते. इमानदार. बापाले सोता पकडते. इथवर बी मी चूप होतो. चोर बाप असू शकते, आपल्यात बी असू शकते, अन् त्याले पकडून देणारा पोरगा असन तं मी त्याचं नाव घेईन. पण मंग एक सेठ येते, पोराच्या दंडावरचा ताईत पाह्यते अन् रडाले लागते. म्हणे हा पोरगा डाकूचा नाहीच. सेठाच्या पाळण्यातून चोरला होता. म्हणजे त्या चित्रवाल्यायच्या मतानं आमच्या घरी इमानदार पोरगा पैदा होऊच शकत नाही, तो चोरूनच आणा लागते. लोकायनं टाळ्या वाजवल्या. देवसिंगच्या घरच्या लालीबाईच्या कडेवर तिचा नातू होता, जरा गोरा आहे तो. समोरच्या बाकावरची बाई वळून पोराकडं पाहून राह्यली.

त्याच्यात लाथ. शिपायानं बुटाची लाथ डोक्यावर मारली. तो डाकू पाठमोरा होता. दोन्ही हात डोक्यावर घेऊन पडला, भेकड. मरद माणूस पडतांना जमिनीले हात टेकते, नाही तं मारणाऱ्याचा पाय धरते. याले आपलं टाळकं वाचवाची पडली होती. मंग पडद्यावर नुसतं पागोटं दिसलं, धुळीत, अन् त्याच्यावर बूट. अख्खा तंबू हसला.

दुसऱ्या दिवशी कापूस बाजारात मापारी म्हणला, नायक, पागोटं सांभाळा. मी बोडकाच गेलतो, तरी म्हणला.

तुले म्या तुह्या हातानं बांध म्हणलं होतं. कोणाच्या डोक्याले बांधलं रे ते? अन् कायले?

भावसिंग


मुंबई, परळ
४ फेब्रुवारी १९६२

बा,

पत्र मिळालं. उशिरा लिहितो, मधे कानाचं दुखणं उठलं होतं. मुंबईची हवाच दमट.

तुम्ही आशीर्वाद दिला नाही, पण मी नमस्कार करतो, कारण मला तसं शिकवलं आहे.

त्या चित्राची गोष्ट मी लिहिली नाही. मी सुई-दोऱ्याचा माणूस आहे. सकाळी कपड्यांच्या पेट्या उघडतो, कोणाचा खांदा सैल, कोणाचा काजा तुटला ते पाहतो, संध्याकाळी पेट्या बंद करतो. मला सांगितलं होतं की चित्रात बंजारा बाप आहे आणि त्याचा पोरगा फौजदार होतो. मी खूश झालो. म्हटलं, पहिल्यांदा कोणी आपल्या पोराला फौजदार करतो आहे. तो ताईत आणि सेठ मला शेवटच्या आठवड्यात कळला. मी डायरेक्टरला जाऊन म्हटलं, साहेब, आमच्या तांड्यात पोरं चोरत नाहीत, पोटची सांभाळता नाकी नऊ येतात. तो हसला. म्हणाला, अरे, ये तो कहानी है. त्याच्याबरोबरचे पण हसले. मग एकानं मला विचारलं, तुझ्या दंडावर ताईत आहे का बघू.

तेव्हाच निघून यायला पाहिजे होतं असं तुम्ही म्हणाल. येऊन काय केलं असतं? नायकाच्या पोरानं दुसऱ्याचे कपडे शिवू नयेत हे मी तुमच्याकडून वर्षभर ऐकलं होतं. एकदा गूळ वाटला म्हणून ते मागं गेलं आणि एकदा लोक हसले म्हणून परत आलं. मी इथं कसा राहतो, काय खातो, कोणाच्या खोलीत झोपतो, हे तुम्ही एका पत्रात विचारलेलं नाही. तांबडा बैल लंगडतो ते लिहिलंत. पागोट्याबद्दल दोन पत्रं लिहिलीत.

नाव पाटीवर का नव्हतं म्हणता. कपडेवाल्यांची नावं पाटीवर येत नाहीत.

पागोटं माझ्या पेटीत आहे. कंपनीकडं राहू दिलं नाही. ते पार्सलनं पाठवतो. मानीच्या लग्नाला मी येत नाही, म्हणजे तुम्हाला बाजारात कोणी माझ्यावरून बोलणार नाही. कोणाच्या डोक्याला बांधलं ते विचारू नका. बांधलं मीच, डाव्या कानावर पदर घेऊन, तुम्ही सांगितलं तसंच.

डोंगरसिंग


पळसतांडा
१५ फेब्रुवारी १९६२

डोंगरसिंग,

पार्सल पाठवू नको. पोस्टमनच्या झोळीतून पागोटं घेऊ काय मी?

नसाब बसला होता, सारे पंच जमले होते. तांड्याचा न्याय नायक करते, पण या वेळी नायकाचाच मामला, म्हणून मी खाली बसलो अन् कारभारी देवसिंग वर बसला. भर लोकात पडलेलं पागोटं नायकानं परत डोक्याले लावाचं नाही. अन् बोडक्या बापानं पोरीचा हात द्याचा नाही. हे मीच मागं दुसऱ्यायले सांगतलेलं आहे, माह्याच तोंडचं मले ऐकवलं. मानीचं लग्न मोडलं नाही, पण थांबलं. पुसदवाले व्याही भले आहेत, वैशाखवरी वाट पाह्यतो म्हणले. त्याच्यापुढं त्यायच्या घरचे बुढे ऐकत नाहीत.

भांडणात कोणाचं पागोटं पडलं तं पाडणारा ते साऱ्यायपुढं उचलते, झटकते, आपल्या हातानं बांधून देते. मंग जेवण होते, गोष्ट मिटते. इथं पाडणारा कोण? तो शिपाई खोटा. तो डाकू खोटा. पागोटंच तेवढं खरं. कोणाले बोलवावं पंचायनं? अन् पडलं ते एकदाच पडलं काय? काल पुसदले पडलं, उद्या आर्णीले पडन, मंग पांढरकवड्याले. रोज संध्याकाळी कोणत्या ना कोणत्या तंबूत माह्यं पागोटं पडून राह्यलं अन् लोकं पैसे देऊन हसून राह्यले. असा अपमान माह्या बापानं कधी ऐकला नव्हता, त्याले मिटवाची रीत कोठून आणू?

देवसिंग म्हणला, पोराले बोलावू, त्याचं ऐकू. मी नाही म्हणलो. तुले तांड्यात पाय ठेवाचा नाही, हे देवसिंग बोलला नाही, मी बोललो.

तू काय खाते ते विचारलं नाही म्हणतो. पोटाले अन्न पाह्यजे म्हणून बापाचं डोकं विकलं, मंग काय खाते ते विचारून काय करू?

चित्र पांढरकवड्याले आलं का मी काठी घेऊन जातो. तो पडदाच फाडतो. मंग पोलिस मले पकडून नेतीन तं नेऊ दे. चोर तं मले तुनं केलंच आहे.

भावसिंग


पळसतांडा
२७ फेब्रुवारी १९६२

डोंगरसिंगभाऊ, जयभीम.

मी वच्छलाबाई, शाळेच्या गुरुजींच्या घरची. तुमच्या याडी माझ्यासमोर पाटावर बसल्या आहेत. त्या सांगतात तसं लिहिते. नायकांना हे पत्र ठाऊक नाही, ते शेतात गेले आहेत.

डोंग्या, तुह्या बापाले लिवता येते म्हणून तो लिवते. मले येत नाही म्हणून मी पाह्यते. तंबूत सारे पागोट्याकडं पाहून राह्यले होते. मी पाठीकडं पाहून राह्यली होती. लाथ बसली तवाचा डाकू तो नट नव्हता. तू होता.

माणूस पडला का हात खाली जातात. तुहे वर गेले. तू लहान होता तवा गाडीवरून पडला, अन् छातीशी धरलेलं बकरीचं पिल्लू काही सोडलं नाही. दात तुटला तरी नाही सोडलं. तवा तुह्या बापानं तुले मारलं होतं, म्हणे हात काहून नाही टेकला. तुह्या हाती काही दिलं का तू ते सोडत नाही, हे मले तवापासून ठाऊक आहे. मी तंबूत ओरडलीच असती. तोंडात पदर कोंबला.

घरी आल्यावर मी बोलली नाही, कारण बुढा असा तापला होता का त्याले काही सांगाव अन् त्यानं मुंबईले जाव. मले त्याचा राग आहे अन् तुहा बी राग आहे. तुम्ही दोघं एकमेकायले कागद फेकून मारता, अन् इथं मानी रोज माह्याकडं पाह्यते. तिचं लग्नाचं ढावलो गाणं शिकून झालं आहे. बहीण भावाच्या गळ्यात पडून ते गाते. कोणाच्या गळ्यात पडन ती?

मले खरं खरं लिव. तू होता का नाही? अन् कानाचं दुखणं तुले कोणत्या कानाले आहे?

एवढं त्यांनी सांगितलं. आता माझं दोन ओळी. तो सिनेमा मी पण पाहिला. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आमच्याकडे वळून वळून पाहणारेच लोक त्या तंबूत तुमच्या बायकांकडे पाहत होते. मला त्या नजरेची चीड आहे. म्हणून सांगते, लपवू नका.

वच्छलाबाई


मुंबई
८ मार्च १९६२

याडी,

हो. मीच होतो. कान डावा.

वच्छलाताई, हे तुम्ही वाचून दाखवाल. बाला कळू देऊ नका.

तो बुढ्याचं काम करणारा नट मोठा माणूस आहे, त्याला जिथं तिथं खुर्ची लागते. लाथेचा प्रसंग आला तेव्हा तो म्हणाला, माझ्या डोक्याला बूट लागणार नाही, दुसरा माणूस घ्या. दुसरा म्हणजे रोजावरचा कोणीतरी, पाठमोरा. एकाला आणलं. मी पागोटं बांधायला गेलो तर त्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास. त्याला विचारलं, नीट धरशील का, पडू देशील का? तो म्हणाला, पडायलाच तर बोलावलंय. तो आपला असता तर मला ते सांगावं लागलं नसतं. मी पागोटं परत सोडलं. डायरेक्टरला म्हटलं, मला करू द्या, माझी पाठ पण बुढ्यासारखी दिसते, आणि बांधायला वेळ जाणार नाही. त्यांना काय, कोणीही चालत होतं.

शिपाई झालेल्या माणसानं आधी कानात सांगितलं होतं की जोरात मारणार नाही. पण पहिल्या वेळी डायरेक्टरला पटलं नाही, म्हणाला, खरी वाटत नाही. मग त्यानं खरी मारली. बूट कानावर बसला, तुझ्या टाक्यांवरच. एक काच फुटली आहे, ती बदलून लागेल. त्या कानानं आता ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतो पडदा फाटला. कंपनीनं दोन दिवस सुट्टी दिली आणि मग कपड्यांच्या पेट्या होत्या तशाच.

आणि याडी, पागोटं पडलं नाही. माझ्या हातून सुटलंच नाही. डायरेक्टर ओरडत होता, छोड दे, छोड दे, पगड़ी गिरनी चाहिए. मी सोडलं नाही. त्यानं मला खूप वाईट शिव्या दिल्या. मग वेळ जाऊ नये म्हणून त्यांनी कंपनीतला एक कपडा गुंडाळला, धुळीत टाकला आणि त्याच्यावर बूट ठेवून वेगळं चित्र घेतलं. तंबूत जे खाली पडलेलं दिसतं ते आपलं नाही. तो कंपनीचा कपडा आहे. आपलं तेव्हा माझ्या मांडीवर होतं.

बाला का नाही सांगितलं म्हणशील. मी सांगितलं तर नसाब म्हणेल, पोरगा बापाचं पागोटं वाचवायला खोटं बोलतो. आणि दुसरं असं की, परक्या माणसाच्या डोक्यावरून पागोटं पडलं, यावर बा रागावतील, ओरडतील, आणि कधीतरी शांत होतील. पोराच्या डोक्यावर बूट पडला हे कळलं तर त्यांना झोप लागणार नाही. बापाचं डोकं विकलं म्हणाले, नकळत भेकड म्हणाले, ते मला लागलं. पण ते माझ्यावर रागावले आहेत तेवढंच बरं आहे.

काठी घेऊन पांढरकवड्याला जायचं म्हणतात. त्यांना अडव. पोलिसांच्या हाती सापडले तर ते खऱ्या पोलिसांच्या बुटाखाली येतील, आणि तिथं मी नाही.

मानीला सांग, ढावलो विसरू नकोस.

डोंग्या


पळसतांडा
२ एप्रिल १९६२

डोंगरसिंग,

आशीर्वाद. तीन घे, मागच्या दोन पत्रायतले बी यातच धर.

होळीले सारा तांडा लेंगी गाऊन नाचला, मी बोडकाच बसून होतो. दुसऱ्या दिवशी तुही याडी म्हणली, पडदा फाडाचा आहे ना, मंग एकटा काहून जाते, आम्ही बी येतो. मले वाटलं, बुढीले बी राग आला. एसटीनं यवतमाळ, तिथून गाडी बदलून पांढरकवडा. देवसिंग होता, त्याची लालीबाई होती, आणखी दोन म्हातारे अन् त्यायच्या बायका. मी काठी घोंगडीत गुंडाळून नेलती.

तंबूत ट्रकवाले बसले होते. मी पडद्याच्या जवळ बसलो, उठाले सोपं पडाव म्हणून. लाथेचा टाइम आला तवा मी काठीले हात घातला. तुह्या याडीनं माह्यं मनगट धरलं. म्हणली, पागोटं पाहू नको. हात पाह्य.

म्या हात पाह्यले. डोंग्या, मी आतापर्यंत काय पाहून राह्यलो होतो? ते डोकं वाचवाले नव्हते गेले. दोन्ही पंजे पागोट्याच्या बुडाशी होते, कान उघडा होता, तोंड उघडं होतं. अन् ती मान मी खांद्यावर बसवून बाजारात फिरवली आहे. मी उभा राह्यलो. मागून लोकं बोंबलले, बुढ्या, खाली बस. मी बसलो नाही. काठी कधी पडली ते मले ठाऊक नाही.

मंग धुळीतलं पागोटं आलं. तं लालीबाई भर तंबूत बोलली, हे भुरीचं काम नाही. पदर कोरा आहे. दुसऱ्या दोघी बी बोलल्या, कोरा आहे, ना काच ना कवडी. देवसिंगनं डोळे पुसून पाह्यलं. आम्हा माणसायनं ते चित्र दोन-दोनदा पाह्यलं होतं अन् रागापायी कोणालेच पदर दिसला नाही. बायायले दिसला. परत नसाब बसला, पहिल्यांदाच बायायची साक्ष घेतली. निकाल असा झाला का नायकाचं पागोटं पडलंच नाही. ते पोरानं धरून ठेवलं.

तुह्या याडीनं मंग बाकीचं सांगतलं. कानाचं. तुनं मना केलं तरी सांगतलं म्हणून तिच्यावर रागावू नको, रागवाचं काम माह्यं आहे अन् ते मी करून राह्यलो. तू मले काहून नाही सांगतलं? मले झोप लागणार नाही म्हणून? लागत नाहीच. तुनं नाही सांगतलं तरी जानेवारीपासून लागत नव्हती. आता निदान कशासाठी जागा आहो ते तरी ठाऊक आहे.

भेकड हा शब्द म्या लिवला होता. तो कागद तुह्यापाशी असन तं चुलीत घाल. पोटाले अन्न पाह्यजे म्हणून बापाचं डोकं विकलं, तो बी कागद घाल. तू काय खाते, कोणाच्या खोलीत झोपते, ते आता विचारतो. लिवू नको, इथं येऊन सांग.

त्या चित्रवाल्यायवरचा माहा राग कमी झाला नाही, वाढला. जे लोक खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या पोराच्या कानावर खरी लाथ मारवतात, अन् खोट्या गोष्टीत चोर आम्हाले म्हणतात, त्यायले मी काय म्हणू? अन् ते म्हणतात, इमानदार पोरगा आमच्या पोटचा असूच शकत नाही, तो सेठाचा पाह्यजे. सेठाचा असता तं लाथ येतांना त्यानं आपलं तोंड झाकलं असतं. हे मी कापूस बाजारात त्या मापाऱ्याले उभं करून सांगतलं. तो हसला नाही.

मानीचं लग्न वैशाखातच आहे. पागोटं पार्सल करू नको, पेटीत बी आणू नको. डोक्याले बांध, फुटलेली काच तशीच राहू दे, अन् दिग्रसच्या एसटी स्टँडवर दिवसा उतर. बाजारातून पायी ये. गाडी घेऊन मी वेशीवर उभा राहीन. तुह्या डोक्यावरून ते मी काढणार नाही, लग्नात बापाच्या डोक्याले दुसरं चालते, हे बी नसाबात ठरवून घेतलं.

आला का घरी निवांत बसू. तुले पुष्कळ बोलाचं आहे. मले सांगतलं नाही म्हणून, एकटा दवाखान्यात गेला म्हणून, लग्नाले येत नाही असं लिवलं म्हणून. चाऱ्याच्या बाजूले खाट टाकीन अन् तुह्या उजव्या बाजूले बसून, तुले सारं नीट ऐकू येईन असं, शिव्या देईन.

तुहा बा